घर दीड फूट वर उचलताना

२ डिसेंबर रोजी माझा उजवा खुबा बदलला. शस्त्रक्रियेबद्दल वाचायला भरपूर मिळते आणि डॉक्टरही ती समजावून सांगतात. पण ज्या घरात जेवण, पूजा, भाजी निवडणे आणि शौच हे सगळे जमिनीलगत चालते, त्या घरात परतल्यावर पहिले दीड महिने कसे काढायचे, हे मला कोणी नीट सांगितले नव्हते. सोलापुरातल्या उत्तर कसब्यातले आमचे घर जुने आहे. दारात तीन पायऱ्या आणि ओटा, आत चार बोटे उंच उंबरा, सगळीकडे शहाबादी फरशी आणि मागे भारतीय पद्धतीचे शौचालय. माझ्यासारख्या घरात राहणाऱ्या आणि लवकरच या शस्त्रक्रियेला सामोऱ्या जाणाऱ्या बायका सोलापुरात पुष्कळ असतील, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

माझे वय ५८. नुकतीच मी प्राथमिक शिक्षिका म्हणून सेवानिवृत्त झाले. इतक्या लवकर खुबा कसा खराब झाला, असे प्रत्येकाने विचारले. काही वर्षांपूर्वी त्वचेच्या एका आजारासाठी मला स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घ्याव्या लागल्या होत्या. खुब्याचा सांधा म्हणजे कमरेच्या हाडातली वाटी आणि तिच्यात फिरणारा मांडीच्या हाडाचा गोळा. स्टेरॉइडमुळे काही जणांच्या बाबतीत या गोळ्याचा रक्तपुरवठा आटतो, आतले हाड मरते आणि गोळा चेपतो. डॉक्टर त्याला एव्हीएन म्हणतात. मला दोन वर्षे जांघेत दुखत होते आणि मी ते कंबरेचे दुखणे समजून लेप लावत बसले. खुब्याचे दुखणे बहुधा जांघेत जाणवते आणि कधी कधी तर थेट गुडघ्यात, हे तेव्हा ठाऊक असते तर मी एक्स-रे बराच आधी काढला असता.

शस्त्रक्रिया कंबरेखालचा भाग बधिर करून झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला वॉकर धरून उभे केले. उभी राहिले तेव्हा जखम ठणकत होती, पण पाय टेकताच जांघेत जी कळ यायची, ती आलीच नाही. दोन वर्षे सोबत असलेले दुखणे एका रात्रीत नाहीसे झालेले पाहून मला रडू आले. जवळ उभ्या असलेल्या फिजिओथेरपिस्ट मुलीला वाटले की फार दुखते आहे. तिला खरे कारण सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, पहिल्या दिवशी निम्मे पेशंट असेच रडतात."

पाचव्या दिवशी घरी सोडले आणि अडचणी सुरू झाल्या. रुग्णालयाने हातात दोन छापील कागद ठेवले, ते दोन्ही इंग्रजीत होते. घाईत असलेल्या परिचारिकेने त्यांतल्या काही ओळींखाली पेनाने रेघा मारल्या आणि ती पुढच्या खाटेकडे वळली. घरी आल्यावर यजमानांनी कागद वाचायला घेतले, तेव्हा उंच कमोड खुर्ची रुग्ण घरी येण्याआधीच आणून ठेवावी, असे त्यात लिहिलेले सापडले. आमच्याकडे उकिडवे बसायचे शौचालय होते आणि रात्रीचे साडेआठ वाजले होते. यजमान स्कूटर काढून निघाले, दोन दुकाने बंद मिळाली, तिसऱ्या दुकानदाराने शटर अर्धे खाली ओढलेले असताना पुन्हा वर केले आणि खुर्ची दिली. ते येईपर्यंतचा पाऊण तास मी कसा काढला, ते मी विसरणार नाही. ज्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे त्यांनी ही खुर्ची आठ दिवस आधी घरात आणावी, तिची उंची आपल्या मापाने लावून घ्यावी, आणि पायांना रबरी बूच घट्ट बसलेत की नाहीत ते स्वतः पाहावे. रुग्णालयांनीही हे कागद मराठीत छापावेत, आणि आपल्या शहरात तर कन्नड व तेलुगूतही छापावेत, असे मला मनापासून वाटते. ज्या बाईला इंग्रजी येत नाही, तिने आपला नवा सांधा कसा सांभाळायचा?

त्या कागदांतली मुख्य पथ्ये तीन होती. खुबा काटकोनापेक्षा, म्हणजे ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, शस्त्रक्रियेचा पाय दुसऱ्या पायावर टाकायचा नाही, आणि पाऊल आतल्या बाजूला वळवायचे नाही. माझ्या डॉक्टरांनी सांध्याच्या मागच्या बाजूने शस्त्रक्रिया केली होती. तिथले स्नायू आणि सांध्याचे आवरण भरून येईपर्यंत गोळा वाटीतून मागे निसटण्याची भीती असते, आणि वाकून, पाय आत वळवून बसले की तो नेमका त्याच दिशेने ढकलला जातो. शस्त्रक्रिया पुढच्या बाजूने केली असेल तर पथ्ये वेगळी असतात, म्हणून आपली कोणत्या बाजूने झाली हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. कारण कळल्यावर पथ्य पाळणे मला सोपे गेले. शाळेतही मी मुलांना नियम सांगताना आधी त्याचे कारण सांगत असे.

काटकोनाचा नियम ऐकायला साधा वाटतो, पण आपल्या घरात तो पदोपदी मोडतो. जमिनीवर पडलेला चमचा उचलायला वाकले की मोडतो, पायात मोजा घालताना मोडतो, खालच्या फळीवरचा डबा काढताना मोडतो. बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा वर जाता कामा नयेत, हे त्यातले मुख्य सूत्र. म्हणून आमचे घर आम्ही अक्षरशः दीड फूट वर उचलले. सुताराकडून लाकडी ठोकळे करून घेतले, त्यांना मधोमध खळगे पाडून पलंगाचे पाय त्यांत बसवले. हाताच्या प्लास्टिकच्या दोन खुर्च्या एकीत एक घातल्या, त्यामुळे बैठक उंच झाली आणि खुर्ची मजबूतही झाली. रोज लागणारे चहा-साखरेचे, पोह्यांचे डबे आणि मिसळणाचा पाळा, सगळे स्वयंपाकाच्या ओट्यावर आले. घरातल्या सुट्या सतरंज्या आणि पायपुसणी गुंडाळून माळ्यावर टाकली, कारण वॉकरचा पाय त्यांच्या कडेत अडकतो.

सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत आणि अजून सहज मांडी घालून बसतात. मी उंच खुर्चीवर आणि त्या खाली पाटावर, असे पहिल्या दिवशी जेवायला बसलो तेव्हा माझ्या घशाखाली घास उतरेना. मी काही बोलले नाही, पण त्यांनी ओळखले. दुसऱ्या दिवशी त्यांनी यजमानांना टेबल स्वयंपाकघरात आणायला लावले आणि आपले ताट त्यावर मांडून घेतले. त्याहून मोठी गोष्ट त्यांनी देवांची केली. आमचे देवघर जमिनीलगत आहे आणि गेली ३३ वर्षे रोजची पूजा माझ्याकडे आहे. खुर्चीवर बसून खाली देवांना फूल वाहायचे म्हणजे वाकणे आले, आणि देवांपेक्षा उंच बसणेही आले. सासूबाईंनी एके सकाळी ताम्हण, समई, सगळे देव एकेक करून उचलले, कोनाड्यातली फळी ओल्या फडक्याने पुसली, तिच्यावर तांबडे वस्त्र अंथरले आणि देव वर मांडले. मला म्हणाल्या, "देवाला काय, वर ठेव नाहीतर खाली ठेव. तू उभ्यानं फूल वाहा." त्या दिवसापासून मी एका हाताने वॉकर धरून पूजा करू लागले.

एक चूक माझ्याकडून झाली, ती सविस्तर सांगते. आठव्या दिवशी भेटायला पाहुणे आले, आणि त्यांच्यासमोर उंच खुर्चीवर बसणे बरे दिसेना म्हणून मी बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर टेकले. सोफा जुना होता, बैठक खचलेली. टेकता टेकताच मी खाली गेले आणि गुडघे छातीच्या दिशेने वर आले. खुब्यात मागच्या बाजूला ताण बसला आणि अंगाला घाम फुटला. यजमान आणि पाहुणे दोन्ही हात धरून मला पुढे ओढायला धावले, पण पुढे ओढले असते तर मी आणखी वाकले असते. मी सगळ्यांना थांबवले. फिजिओथेरपिस्टला फोन लावला. तिने सांगितल्याप्रमाणे पाठ मागे रेलली, उजवा पाय सरळ पुढे केला, दोन्ही हातांवर भार देत तसूतसूने सोफ्याच्या कडेपर्यंत सरकले, मग सोफ्याच्या हाताला रेटा देऊन डाव्या पायावर उठले आणि मगच वॉकर धरला. काही इजा झाली नव्हती. पण अचानक तीव्र कळ येऊन पाय आखूड किंवा वेडावाकडा वळलेला दिसला आणि त्याच्यावर भारच देता आला नाही, तर गोळा निसटला असे समजून तडक रुग्णालय गाठायचे असते, हे तिने त्या दिवशी पुन्हा बजावले. पाहुण्यांची भीड या दिवसांत धरू नये. त्यांनाच सोफ्यावर बसवावे.

रात्री मात्र फार लांबतात. उताणेच झोपायचे, कूस बदलायची नाही, आणि पाय एकमेकांवर जाऊ नयेत म्हणून दोन्ही पायांच्या मध्ये काहीतरी जाडजूड ठेवायचे. रुग्णालयात त्यासाठी फोमचा त्रिकोणी तुकडा दिला होता. घरी साधी उशी ठेवली तर ती मध्यरात्रीपर्यंत चपटी होऊन घसरायची. मग यजमानांनी कपाटातून दोन सोलापुरी चादरी काढल्या, त्या घट्ट गुंडाळल्या आणि नाडीने तीन ठिकाणी बांधल्या. आपल्या चादरीचे जाड सूत दबत नाही आणि घसरतही नाही. सहा आठवडे ती वळकटी माझ्या गुडघ्यांच्या मध्ये होती. रात्री तिच्यावर हात गेला की विणीतली उठावदार नक्षी बोटांना लागायची, आणि झोप येईपर्यंत मी ती चाचपत पडून राहायचे.

व्यायाम दिवसातून तीन-चार वेळा करायचे होते. पाऊल वर-खाली हलवणे, मांडीचा स्नायू आवळून ५ आकडे मोजेपर्यंत धरून ठेवणे, बसायच्या जागेचे स्नायू तसेच आवळणे, आणि झोपल्या झोपल्या टाच गादीवरून सरकवत गुडघा थोडा वाकवणे. करायला हे सोपे वाटते, पण पहिल्या आठवड्यात टाच वीतभर सरकवायलाही सगळे बळ लावावे लागे. नुसते आकडे मोजण्याचा मला कंटाळा येऊ लागला, तेव्हा शेजारच्या पद्मशाली वहिनींचा तिसरीतला नातू शाळा सुटल्यावर माझ्याकडे पाढे म्हणायला येऊ लागला. तो एक ओळ म्हणे आणि मी एक टाच सरकवे. बे ते बारा येईपर्यंत माझा एक पूर्ण फेरा होई. डिसेंबरअखेर त्याचे चौदापर्यंतचे पाढे पक्के झाले आणि माझी टाच पार गादीच्या अर्ध्यावर येऊ लागली.

पाऊल हलवण्याचा व्यायाम क्षुल्लक वाटतो म्हणून बरेच जण तो टाळतात. पण तोच चुकवायचा नसतो. या शस्त्रक्रियेनंतर पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा आणि ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. पोटरीचे स्नायू हलत राहिले की रक्त साचत नाही. त्यासाठीच मला रक्त पातळ ठेवणारी औषधे ३५ दिवस होती, आधी पोटावरची इंजेक्शने आणि नंतर गोळ्या, शिवाय मांडीपर्यंतचे घट्ट मोजे. हे मोजे थंडीत सहन झाले. सोलापूरच्या मे महिन्यात ते कसे घातले असते, कोण जाणे. ज्यांना शस्त्रक्रियेचा महिना निवडता येतो, त्यांनी आपल्याकडचा उन्हाळा टाळावा, असे माझे मत झाले आहे.

गाठीच्या याच भीतीने मालिशवालीला मी दारातूनच परत पाठवले. भेटायला येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या बाईने मला कोमट तेलाने पाय चोळून घ्यायला सांगितले, आणि एका नात्यातल्या काकूंनी तर मालिश करणाऱ्या बाईला सोबतच आणले. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण शिरेत गाठ असेल तर पोटरी रगडल्याने ती सुटू शकते, आणि जखमेच्या आसपासची कातडी काही काळ बधिर असल्याने शेकाचा चटकाही कळत नाही. सूज उतरण्यासाठी बर्फ टॉवेलात गुंडाळून १५ ते २० मिनिटे ठेवायचा, एवढाच उपाय मला सांगितला होता आणि तो लागू पडला. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, दम लागला, छातीत दुखले, ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागले, तर घरगुती उपायांत एक तासही घालवू नये.

आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. पाणी आल्याचा आवाज झाला की मी कितीही गाढ झोपेत असले तरी उठायची. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा पाणी आले ते पहाटे, आणि मी उताणी पडून नळाचा खळखळाट ऐकत राहिले. यजमान आणि सासूबाई बादल्या, घागरी, पिंप भरत होते. त्यांची धावपळ ऐकून मला इतके असहाय वाटले की मी उठून बसायला निघाले. सासूबाई ओल्या हातांनीच खोलीत आल्या आणि दारात उभ्या राहून म्हणाल्या, "खाली सगळं ओलं झालंय. आज दहा वाजेपर्यंत पाय खाली टाकायचा नाही." ओली शहाबादी फरशी काचेसारखी निसरडी होते आणि वॉकरचे रबरी बूचही तिच्यावर धरत नाहीत, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. तेव्हापासून पाण्याच्या दिवशी फरशी दोनदा कोरड्या फडक्याने पुसून होईपर्यंत मी पलंगावरच राहात असे.

दुसरा आठवडा मनाला सगळ्यात जड गेला. रुग्णालयातली वर्दळ संपलेली, भेटायला येणारे ओसरलेले, आणि दुखणे मात्र तसेच. रक्त कमी झाल्याने थकवा होता, वेदनाशामक गोळ्यांनी पोट साफ होत नव्हते, भाकरीची चव लागत नव्हती. हुलग्याचे माडगे, पपई, रात्री इसबगोल आणि मुद्दाम ठरवून प्यायलेले पाणी यांनी पोटाचे गाऱ्हाणे मिटले. मनाचे तसे लवकर मिटले नाही. आयुष्यभर शाळेत आणि घरात उभ्याने कामे केली, आणि आता यजमान रोज सकाळी माझ्या पायाशी बसून मोजे चढवत होते. मला ते बघवेना, म्हणून मी भिंतीकडे तोंड करून बसे. चार-पाच दिवसांनी त्यांनीच विचारले, "तू माझ्याकडे बघत का नाहीस?" मी सांगितले. त्यांनी मोज्याच्या सुरकुत्या टाचेपासून वर नीट काढल्या, कारण सुरकुती राहिली की तिथे कातडी कापते, आणि म्हणाले, "माझ्या बायपासच्या वेळी तू काय केलंस, ते मी विसरलो नाही." त्यानंतर मी भिंतीकडे तोंड केले नाही.

काही गोष्टी मात्र मी हट्टाने स्वतः करायला शिकले. उंच दांडीवर कपडे वाळत घालायची आमच्या घरातली काठी घेतली, यजमानांनी तिच्या टोकाला कपाटातला एक हूक बांधून दिला, आणि तिने मी परकर पावलांवरून ओढून घेऊ लागले. आधी उजवा पाय आत, मग डावा. काढताना आधी डावा, मग उजवा. साडी पहिले पाच आठवडे नेसले नाही, पायघोळ गाऊनही नको, कारण तो वॉकरमध्ये अडकतो. घोट्याच्या वरपर्यंतचा सुती गाऊन सगळ्यात सोयीचा.

चौदाव्या दिवशी टाके काढायला जायचे होते. रिक्षात पाय मुडपून बसावे लागते आणि खड्ड्यांचे धक्के थेट खुब्याला लागतात, म्हणून पुतण्याने कार आणली. पुढची बैठक पूर्ण मागे सरकवून रेलती केली, वर घट्ट उशी, आणि उशीवर प्लास्टिकची पिशवी. पाठमोरी होऊन बसायचे आणि दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. पिशवीमुळे अंग अलगद फिरते. दारातल्या तीन पायऱ्यांचा सराव त्याआधी घरीच केला होता. चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी. पहिल्या पायरीवर मी हे मोठ्याने म्हणत उतरले.

परतीच्या वाटेवर पुतण्याने फोनवर वाचलेले सांगितले, की आजच्या पद्धतीच्या या शस्त्रक्रियेचा पाया इंग्लंडमधल्या जॉन चार्नली या सर्जनांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला घातला. धातूचा गोळा आणि प्लास्टिकची वाटी ही जोडी त्यांनी रूढ केली, आणि सिमेंटने हाडात बसवली. माझा सांधा सिमेंटविना बसवलेला आहे. त्याच्या खरबरीत पृष्ठभागात माझे स्वतःचे हाड हळूहळू वाढून तो पक्का व्हायचा आहे आणि त्याला काही आठवडे ते महिने लागतात. हे कळल्यावर मला थांबणे सोपे झाले. पलंगावर पडून राहिले तरी आत हाडाचे काम चालूच होते.

सहा आठवड्यांची तपासणी आमच्या ग्रामदैवताच्या, सिद्धेश्वरांच्या, यात्रेच्या तोंडावर आली. एक्स-रे चांगला निघाला, वॉकर सुटला आणि काठी आली. काठी शस्त्रक्रियेच्या बाजूच्या हातात धरायची, असे मी समजत होते. ती उलट्या हातात, म्हणजे माझ्या बाबतीत डाव्या हातात धरायची असते. त्याने उजव्या खुब्यावरचा भार हलका होतो.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी अडुसष्ट लिंगांच्या तैलाभिषेकासाठी नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या, निघाले. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी दर वर्षी ओट्यावरून खाली उतरून दर्शन घेत आले आहे. यंदा गर्दीत उतरायचे नाही, एवढे मी डॉक्टरांना सांगून आले होते. उंबऱ्याच्या आत एकीत एक घातलेल्या त्याच दोन खुर्च्या मांडल्या, दार उघडे ठेवले. पांढऱ्या बाराबंदीतली माणसे गल्लीच्या तोंडाशी दिसू लागली आणि "बोला हर्र"चा गजर झाला, तेव्हा मी खुर्चीच्या हातांना रेटा दिला, उजवा पाय पुढे ठेवला आणि उठले. सातही नंदीध्वज पुढे जाईपर्यंत उभी होते. दुसऱ्या दिवशी मांडी जरा भरून आली होती, बर्फ लावल्यावर ओसरली.

उकिडवे बसणे आणि मांडी घालणे माझ्या डॉक्टरांनी कायमचे बंद सांगितले आहे, त्यामुळे मागच्या अंगणात कमोड बसवायचे काम गवंड्याकडे दिले आहे आणि देवही फळीवरच राहणार आहेत. पुढची तपासणी मार्चच्या पहिल्या आठवड्यात आहे. दारातल्या पायऱ्यांना लोखंडी कठडा हवा होता, त्याचे माप घ्यायला वेल्डर उद्या सकाळी येणार आहे.